नसलेल्या रेल्वेचें दप्तर: फुलसावंगीच्या निमित्तानें कांहीं विचार

फुलसावंगीस आगगाडी कधीं आली नाहीं. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण अंगास, महागांव तालुक्यांत, पैनगंगेच्या अलीकडे वसलेलें हें गांव. सावंगी नांवाचीं गांवें वऱ्हाडांत कितीतरी; त्यांत ही फुलसावंगी. असें असतां ह्या गांवाच्या स्टेशनाविषयीं, तेथील रुळाच्या रुंदीविषयीं आणि तेथें विकल्या जाणाऱ्या तिकिटावर कोणतें नाणें छापावें ह्याविषयीं आम्ही पुढें चार पानें लिहिणार आहों, ह्याचें वाचकांस नवल वाटेल. जुने कागद व नाणीं ह्यांसाठीं राखलेल्या पानांत खेळण्यांतील आगगाडीस जागा कशास, असेंहि कोणी विचारील. त्याचें उत्तर लेख वाचल्यावर मिळावें अशी अपेक्षा आहे. न मिळाल्यास दोष आमचा.

प्रकार असा आहे. लहान प्रमाणांतील रेल्वेचे देखावे रचण्याचा छंद युरोप-अमेरिकेंत शंभरांहून अधिक वर्षें चालत आला आहे. लंडनचें मॉडेल रेल्वे क्लब हें मंडळ १९१० सालचें. ह्या छंदी लोकांपैकीं जे अधिक गंभीर, ते केवळ रूळ मांडून थांबत नाहींत. आपल्या देखाव्यांतील रेल्वेचा इतिहासहि रचतात. कंपनी कोणत्या सालीं निघाली, भांडवल कोणीं घातलें, डोंगर कां फोडावा लागला, शेजारच्या कंपनीशीं भांडण कशावरून झालें, हें सर्व ठरवून मग त्याप्रमाणें स्टेशनें, पूल व गाड्या घडवितात. नकाशे काढतात, वेळापत्रकें छापतात, तिकिटें कापतात. थोडक्यांत, जी रेल्वे कधींच नव्हती तिचें एक दप्तर तयार होतें. दप्तर म्हटलें कीं आमचा त्याच्याशीं संबंध आला.

आपल्याकडील उदाहरण प्रथम घेऊं. पुण्यास कोथरूड भागांत भाऊ जोशी ह्यांनीं उभारलेलें लघुरेल्वेचें संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजीं लोकांस खुलें झालें. लहानपणापासून मनांत घर करून बसलेल्या आगगाडीच्या वेडाचें तें फळ होय. एका दालनांत सबंध शहर मांडलेलें आहे. त्यांत रस्त्यावरचे दिवे आहेत, उड्डाणपूल आहेत, साठांहून अधिक सिग्नल आहेत, सर्कशीचा तंबू आहे, पोहण्याचा तलाव आहे. वाफेचें इंजिन जातें, त्याच्या शेजारून अतिवेगाची बुलेट गाडी जाते, आणि वर टांगलेल्या रुळाखालून लोंबकळत तिसरीच एक गाडी जाते. पाहणाऱ्याचा आनंद आम्ही नाकारीत नाहीं. सिग्नल लाल झाला कीं गाडी थांबते आणि दुसरी निघते, हें पाहून आमच्यासारख्या वयस्क माणसाचेहि पाय तेथें खिळतात. यंत्रजुळणी चोख आहे आणि ती एका घराण्यानें सांभाळली, ही गोष्ट आमच्या मतें सर्वांत मोलाची.

परंतु परीक्षण करावयास बसलें म्हणजे इतिहासाचा चष्मा काढून ठेवतां येत नाहीं. त्या शहरास साल नाहीं. टांगत्या रुळाची गाडी जर्मनींतील वुपरताल येथें १९०१ सालीं सुरू झाली. बुलेट गाडी जपानांत १९६४ सालीं. आणि ह्या दोहोंच्या मध्यें तिसऱ्याच काळांतील वाफेचें इंजिन धूर सोडीत जातें. एकाच दुपारीं एकाच गांवांत ह्या तिघींची भेट व्हावी असा योग विरळाच. शिवाय ह्या शहराचे लोक पोटासाठीं काय करतात, गाडी कोणता माल वाहते, हें देखाव्यावरून कळत नाहीं. कापूस नाहीं, कोळसा नाहीं, जत्रा नाहीं. गाडी धांवते ती केवळ धांवण्यासाठीं.

हा आक्षेप घेऊन आम्ही थांबलों असतों तर अन्याय झाला असता. दिवाळींत मुलें अंगणांत मातीचा किल्ला रचतात, बुरुजावर शिवछत्रपति बसवितात, खालीं मावळे उभे करतात, आणि पायथ्याशीं बाजारांतून आणलेली मोटारहि ठेवतात. त्या मोटारीसाठीं कोणी संशोधक मुलास जाब विचारीत नाहीं. ज्या रचनेनें आपण इतिहास आहों असा दावा केला नाहीं, तिच्यावर खोटेपणाचा आरोप लागू पडत नाहीं. दुसरें असें कीं, हा देखावा जगाविषयीं कांहीं सांगत नसला तरी आपल्या कर्त्याविषयीं पुष्कळ सांगतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पुण्याच्या एका बुद्धिमान गृहस्थास रेल्वे म्हणजे काय वाटत होतें, परदेशांतील कोणत्या गाड्यांचें त्यास अप्रूप होतें, ह्याचा तो अस्सल पुरावा आहे. बखरीचें तरी काय? १८९८ सालीं राजवाड्यांनीं आपल्या साधनग्रंथाच्या पहिल्या खंडास जोडलेल्या प्रस्तावनेंत बखरींची जी झाडाझडती घेतली, तिच्यानंतर बखरींतील लढायांच्या तपशिलावर कोणी डोळे मिटून विसंबत नाहीं. पण बखर लिहिणाऱ्याच्या काळचें मन जाणण्यास बखरच लागते.

आतां ज्या रचनेनें इतिहास असल्याचा आव पूर्णपणें आणला, तिच्याकडे वळूं. विल्बर्ट ऑड्री (१९११ ते १९९७) हे इंग्रज धर्मोपदेशक. बोलक्या इंजिनांच्या गोष्टींचें त्यांचें पहिलें पुस्तक १९४५ सालीं निघालें. पुढें पुस्तकें वाढलीं तशी चित्रांतील स्टेशनें व रूळ एकमेकांशीं जुळेनात, आणि बालवाचकांचीं पत्रें येऊं लागलीं कीं मागच्या पुस्तकांत येथें एकच रूळ होता, आतां दोन कसे झाले. आम्हांस हे बालवाचक फार आवडले. पाठभेद पकडण्याची त्यांची दृष्टि पुष्कळ संपादकांत आढळत नाहीं. ह्या पत्रांस उत्तर देण्यासाठीं ऑड्रींस नकाशाची आणि म्हणून भूमीची गरज पडली. १९५० च्या सुमारास मॅन बेटावर गेले असतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं तेथील बिशपाची पदवी ‘सोडर आणि मॅन’ अशी आहे. मॅन बेट तर समोर आहे. सोडर कोठें आहे? ऑड्रींनीं मॅन आणि इंग्लंडचा किनारा ह्यांच्या मधल्या समुद्रांत सोडर नांवाचें बेट कल्पून टाकलें.

येथें जुन्या कागदांच्या वाचकानें क्षणभर थांबावें. सोडर हें नांव कल्पित नव्हे. नॉर्वेच्या लोकांच्या भाषेंत स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांस दक्षिणेकडील बेटें अशा अर्थाचा जो शब्द होता, त्याचा हा अपभ्रंश. तीं बेटें व मॅन मिळून एक धर्मप्रांत होता. ११५४ सालीं तो नॉर्वेंतील निदारोस येथील आर्चबिशपाच्या अंमलाखालीं गेला. पुढें राज्यें फिरलीं, बेटें गेलीं, पदवींतील शब्द मात्र राहिला. आपल्याकडे वतन जाऊन आडनांव राहतें, तशीच ही गोष्ट. ऑड्रींची कल्पना ह्या उरलेल्या शब्दावर उभी आहे, आणि म्हणूनच ती इतकी पक्की बसली. एका खऱ्या लेखांतील रिकाम्या जागेंतच त्यांनीं आपलें बेट वसविलें.

त्यानंतर त्यांनीं व त्यांचे बंधु जॉर्ज ह्यांनीं, हे बंधु लंडनमध्यें ग्रंथपाल होते, बेटाचें भूस्तर, बोली, स्थलनामांची व्युत्पत्ति, राजे, संत, खाणी, छोट्या छोट्या रेल्वे कंपन्या आणि त्यांचें एकीकरण, असें सर्व रचलें. १९८७ सालीं तें ग्रंथरूपानें छापलें. ऑड्री त्या बेटांतील एका शाखामार्गाचा लहान देखावाहि प्रदर्शनांतून मांडीत. म्हणजे येथें देखावा व दप्तर दोन्हीं एकाच हातचीं. ग्रंथाची मांडणी पाहिली तर एखाद्या जिल्ह्याच्या गॅझेटियराची आठवण होते, आणि नांव झांकून वाचावयास दिला तर अनेक पानें कोणीहि खरीं मानील.

ह्या ग्रंथाचें आम्हीं मनापासून कौतुक केल्यावर एक उणीव सांगणें भाग आहे. त्यांत सर्व गोष्टींचें कारण सांपडतें. खऱ्या दप्तराचा आम्हांस जो अनुभव आहे तो उलट आहे. रुमाल सोडावा तर मधलीं दहा वर्षें वाळवीनें खाल्लेलीं. दोन कागद समोरासमोर ठेवावे तर एकांत चुलता आणि दुसऱ्यांत पुतण्या हक्कदार. शक व फसली ह्यांचा मेळ बसत नाहीं. आणि ज्या एका पत्रानें उलगडा व्हावा त्याचा शेवट फाटलेला. खरा इतिहास आपल्याच कागदांशीं भांडत असतो. कल्पित इतिहासाचे कागद एकमेकांचे साक्षीदार म्हणून उभे राहतात, कारण ते एकाच बोरूनें लिहिलेले असतात. बनावट सनद ओळखण्याची जी पहिली खूण, फाजील सुसंगति, तीच ह्या रेल्वे-इतिहासांचीहि खूण आहे.

अर्थात् सर्वच मंडळी सबंध बेट कल्पित नाहींत. पीटर डेनी हे दुसरे इंग्रज धर्मोपदेशक. त्यांनीं १९४० नंतरच्या दशकांत आरंभिलेल्या देखाव्यांत एकच गोष्ट कल्पिली आहे, ती ही कीं ग्रेट सेंट्रल कंपनीनें बकिंगहॅम गांवास फांटा नेला. ती कंपनी खरी, गांव खरें, कंपनीचा लंडनपर्यंतचा मार्ग १८९९ सालचा खरा. खोटा केवळ तो फांटा. ह्याच्या उलट टोकास लंडनच्या उपर्युक्त मंडळाचा ‘कोपनहेगन फील्ड्स’ हा देखावा. १९८० नंतरच्या दशकांत आरंभिलेल्या ह्या कामांत किंग्ज क्रॉस स्टेशनाच्या उत्तरेकडील भाग दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत जसा होता तसा, १५२ व्या हिश्श्यानें, नकाशे व छायाचित्रें पाहून उभा केला जात आहे. अनेक हातांनीं, अनेक वर्षें चाललेलें हें काम संशोधनाच्या अगदीं जवळ जातें. कॅलिफोर्नियांतील जॉन अ‍ॅलन ह्यांची गोष्ट निराळी: त्यांचा डोंगरदऱ्यांनीं भरलेला प्रचंड देखावा, ज्याचें नांवच मुळीं शाब्दिक कोटी होतें, १९७३ च्या जानेवारींत त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत जळून गेला. आतां तो केवळ छायाचित्रांतून आणि लेखांतून उरला आहे. म्हणजे कल्पित रेल्वेचा इतिहास लिहिण्यास आतां खरीं साधनें गोळा करावीं लागतात.

डेनी ह्यांची पद्धति, म्हणजे एकच पाऊल कल्पनेचें आणि बाकी सर्व पुराव्याचें, आम्हांस सर्वांत निर्दोष वाटते. ती आपल्या मुलखांत टिकते कीं नाहीं हें पाहण्यासाठींच आम्हीं फुलसावंगी निवडली.

प्रश्न पहिला: गाडी कोठून यावी? पैनगंगेच्या उत्तरेस वऱ्हाड. १८५३ च्या तहान्वयें तो मुलूख इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला, १९०२ सालीं निजामाकडून वर्षास २५ लक्ष रुपयांच्या बोलीनें कायमच्या पट्ट्यानें घेतला गेला, आणि पुढें मध्यप्रांतास जोडला गेला. हा सर्व भाग त्या काळीं पुसद तालुक्यांत मोडे, आणि पुसद तालुका १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यांत होता. तो जिल्हा मोडल्यावर यवतमाळांत आला. जो कोणी १९०५ पूर्वीचा कल्पित कागद करील आणि त्यावर जिल्हा यवतमाळ लिहील, तो पहिल्याच ओळींत पकडला जाईल. पैनगंगेच्या दक्षिणेस निजामाचें राज्य, १९४८ पर्यंत. तिकडचे रूळ मीटर मापाचे. मनमाड ते सिकंदराबाद हा नांदेडवरून जाणारा मार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला, पूर्णा ते हिंगोली १९१२ सालीं. इकडे उत्तरेस मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अडीच फुटी मापाची गाडी, किलिक निक्सन ह्यांच्या व्यवस्थेखालील सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, जिला लोक शकुंतला म्हणत आले. ह्याच कंपनीच्या वाटेवरील दारव्ह्याहून पुसदपर्यंत एक फांटा एकेकाळीं खरोखरच गेला होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच तो उखडला गेला.

म्हणून रुळाचें माप ठरविणें हें येथें सुताराचें काम नसून इतिहासकाराचें आहे. मीटर माप निवडलें तर गाडी निजामाची ठरते. तिला पैनगंगेवर पूल बांधून परक्या कारभारांत शिरावें लागतें. तिचे कागद उर्दूंत व इंग्रजींत. तिकिटाचे पैसे हाली सिक्क्यांत कीं कलदार रुपयांत हा तंटा पहिल्या दिवसापासून. अडीच फुटी माप निवडलें तर गाडी वऱ्हाडची, कागद मराठींत व इंग्रजींत, नाणें कलदार, आणि ती नदीच्या अलीकडेच थांबते, कारण पलीकडे निजामाची करोडगिरी. आमचा कौल दुसऱ्या बाजूस आहे. पुसदपर्यंत रूळ आलेच होते. ते महागांवावरून दक्षिणेस वाढले असें मानणें, हें एकच पाऊल. मालाचें कारणहि बसतें: ह्या काळ्या जमिनीचा कापूस मूर्तिजापुरास नेला कीं पुढें रुंद मापानें थेट मुंबई. जंगलांतील सागवान आहे. आणि उतारू? पैनगंगेपलीकडे माहूर आहे. नवरात्रांत रेणुकेच्या दर्शनास आणि दत्तजयंतीस जाणारा वऱ्हाडचा यात्रेकरू ह्या स्टेशनावर उतरून पुढें बैलगाडीनें नदीकडे निघाला असता. आमच्या देखाव्यांतील फलाट म्हणूनच वर्षांतील अकरा महिने रिकामा आणि एक महिना अपुरा पडणारा असा करावा लागेल.

मापाचा हिशेब हौशी मंडळींनीं नीट पाहावा. ८७ व्या हिश्श्याचें प्रमाण सर्वत्र चालतें. त्या प्रमाणांत अडीच फुटी रूळ सुमारें ९ मिलिमीटर रुंद होतो, मीटर माप साडेअकरा मिलिमीटर, आणि आपलें रुंद माप १९ मिलिमीटरांहून किंचित् अधिक. परंतु बाजारांत जो तयार रूळ मिळतो तो १६.५ मिलिमीटरांचा, म्हणजे युरोपच्या प्रचलित मापाचा. त्यावर मुंबई-नागपूरची गाडी चालविणारा मनुष्य नकळत आपल्या देशाचा रूळ जवळजवळ सातव्या हिश्श्यानें अरुंद करीत असतो. चालण्यास अडचण नाहीं. दिसण्यासहि फारशी नाहीं. पण मोडीच्या कागदाचें बाळबोध करतांना ज्यास एक काना गाळलेला खपत नाहीं, त्यानें ही तडजोड निदान लिहून ठेवावी. अंतराची तडजोड तर ह्याहून मोठी. ह्या प्रमाणांत एक किलोमीटर साडेअकरा मीटरांचा होतो. दहा किलोमीटर खरेपणानें मांडावयाचे तर ११५ मीटर लांबीची पडवी लागेल. तेव्हां मधलीं रानें गाळावीं लागतात. काय गाळलें हेंच कर्त्याचें मत.

सालहि पक्कें हवें. आम्ही १९३५ धरतों. स्टेशनावरील घड्याळ १९०६ सालापासून चालू झालेल्या भारतीय प्रमाणवेळेचें. शकुंतलेचें जें वाफेचें इंजिन लोकांच्या आठवणींत आहे तें १९२१ सालीं मँचेस्टर येथें बनलेलें. त्याच्या जातीचें इंजिन येथें चालेल. डिझेल इंजिन त्या मार्गावर १९९४ च्या एप्रिलांत आलें. तें ह्या देखाव्यांत दिसलें तर आम्ही त्यास दिवाळीच्या किल्ल्यावरील मोटार समजूं.

आतां सर्वांत अवघड गोष्ट. पुसदचा खरा फांटाच जेथें टिकला नाहीं, तेथें त्याच्याहि पुढें गेलेला कल्पित फांटा कसा टिकणार? कल्पित रेल्वेचे पुष्कळसे कर्ते आपली कंपनी नफ्यांत चालवितात, पूल वाहून जाऊं देत नाहींत. फुलसावंगीचा प्रामाणिक देखावा दिवसांतून एकदोन गाड्यांचा, थोड्या उतारूंचा, आणि शेवटीं रूळ उखडण्याचें साल नेमलेला असाच होईल. तो विकत घेणारा कोणी मिळणार नाहीं, पण खरा वाटेल. ह्या भागास पुढें रेल्वे मिळावयाची ती वर्धा-यवतमाळ-नांदेड ह्या रुंद मापाच्या मार्गानें. तो २००८-०९ सालीं मंजूर झाला आणि त्याचा वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा २०२४ च्या फेब्रुवारींत सुरू झाला. म्हणजे मधल्या पंचाहत्तर-ऐंशी वर्षांचा काळ पुसदकडील माणसानें रेल्वेशिवाय काढला. कल्पना करणाऱ्यानें हें ओझें विसरूं नये.

राहिला संग्राहकांचा प्रश्न, आणि लेख लिहिण्याचें खरें कारण तेंच. कल्पित रेल्वेचीं तिकिटें, नकाशे व वेळापत्रकें आज कर्त्याच्या घरीं आहेत. पन्नास वर्षांनीं तीं रद्दींत किंवा लिलांवांत येतील. चहाच्या पाण्यांत बुडवून पिवळे केलेले कागद आम्हीं पाहिले आहेत. ते विकणारा सदरहू कागद आजोबांच्या पेटींतील असल्याचें शपथेवर सांगत होता. मुंबई इलाख्यांत १८५२ च्या ११ व्या कायद्यानें इनामांची चौकशी झाली तेव्हां खऱ्यांबरोबर बनावट सनदाहि पुढें आल्या. त्या करणाऱ्यांस जमीन राखावयाची होती. हौशी रेल्वेवाल्यास कोणाची जमीन लाटावयाची नाहीं. परंतु कागद कर्त्याचा हेतु सोबत घेऊन फिरत नाहीं. फुलसावंगी स्टेशनाचें १९३५ चें सुबक तिकीट उद्यां एखाद्या संग्रहांत शिरलें, तर दारव्हा-पुसद फांट्याचा अभ्यासक त्यावरून तो फांटा पैनगंगेपर्यंत पोंचवील, आणि त्या चुकीचें खापर कोणावर फोडावें हें कळणार नाहीं.

ह्यांत उपरोधाची गोष्ट अशी कीं, सोडरच्या कल्पित कंपन्यांचा वृत्तांत छापील ग्रंथांत कोणासहि मिळतो, आणि पुसदच्या खऱ्या गाडीचा माग काढावयाचा तर घरोघर जावें लागेल. जमीन संपादनाच्या पावत्या, जिनिंगच्या वह्यांतील भाड्याच्या नोंदी, लग्नपत्रिकेवर छापलेली उतरण्याच्या स्टेशनाची सूचना, एखाद्या कारकुनाची रोजनिशी, रूळ उखडण्याच्या लिलांवाची जाहिरात, असे कागद पुसद, दिग्रस, दारव्हा, महागांव व फुलसावंगी येथील घरांत असण्याचा संभव आहे. ज्या वाचकांच्या पाहण्यांत ते येतील त्यांनीं मूळ कागद न हलवितां त्याची छायाप्रत आणि तो कोणत्या रुमालांत, कोणत्या कागदांच्या मध्यें सांपडला ह्याची टिपण ठेवावी.

आणि ज्यांस फुलसावंगीचा देखावा खरोखरच करावयाचा असेल त्यांनीं तो अवश्य करावा. फलाटावर माहूरचे यात्रेकरू बसवावे, कापसाच्या गांठी रचाव्या. फक्त प्रत्येक तिकिटाच्या व नकाशाच्या पाठीवर कर्त्याचें नांव, करण्याचें साल आणि ‘कल्पित’ हा शब्द न पुसणाऱ्या शाईनें छापावा. ऑड्री बंधूंच्या ग्रंथावर त्यांचीं नांवें आहेत, म्हणून सोडरचें बेट कोणीं समुद्रांत शोधूं लागलें तर तो दोष शोधणाऱ्याचा.